मूळ फ्रॉग (१९८३): थ्रॉटल वाढवला की मागून कटकट, मोटर पळते पण गाडी जागीच

बग्गी_८३

नमस्कार मंडळी,

टामियाची मूळ फ्रॉग, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी बग्गी, परत चालती करायची आहे. २००५ची री-रिलीज नाही, गिअरबॉक्स आणि शाफ्ट १९८३चेच आहेत. लक्षणं अशी:

हळू चालवली तर काही त्रास नाही. थ्रॉटल अर्ध्याच्या वर गेला की मागून कट-कट-कट सुरू होतं, मोटरचा आवाज एकदम मोकळा होतो आणि गाडी जागची हलत नाही. गवतात आणि चढावर तर हमखास. हाताने हलवून पाहिलं तर उजवं मागचं चाक बरंच सैल फिरतं आणि मग अडतं, डाव्याला एवढा प्ले (सैलपणा) नाही. शिवाय उडी मारल्यावर कधीकधी उजवा ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा दांडा) टोकाच्या कपातून निसटून लोंबतो.

मोटर साधी ५४०, बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड, स्पीड कंट्रोलर इलेक्ट्रॉनिक. पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, शाफ्टवर पकडणारा ग्रब स्क्रू तपासला, घट्ट आहे.

सगळे गिअर एकदम बदलून टाकावेत की आधी आणखी काही तपासायचं? एकदा उघडलं की सगळं एका फेरीत निपटावं असं वाटतं.

---

पिनियन_स्पर

गिअर लगेच मागवू नका. मोटर पळते आणि गाडी थांबते याचा अर्थ इतकाच की मोटर आणि टायरच्या मधला एक सांधा सुटतोय. तुमच्या गाडीत असे निदान पाच सांधे आहेत: पिनियन आणि मोटरचा शाफ्ट, पिनियन आणि पुढचा गिअर, काउंटर (मधला) गिअर आणि डिफचा (डिफरेन्शियल, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा भाग) मोठा गिअर, डिफच्या आतले बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर, आणि बाहेर शाफ्टची षटकोनी टोकं. पाचही ठिकाणचा आवाज बाहेरून सारखाच येतो. म्हणून आधी कुठला सांधा सुटतोय ते पकडा, पाने नंतर उचला.

सगळ्यात सोपी युक्ती खुणेची. पांढरा पेंट मार्कर घ्या. मोटरचा शाफ्ट आणि पिनियनच्या तोंडावर मिळून एक सरळ रेघ मारा. तशीच रेघ प्रत्येक ड्राइव्ह शाफ्टवरून त्याच्या कपावर न्या, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही टोकांना. रेघ सुकू द्या, मग गाडी जमिनीवर ठेवून दोन-तीनदा कटकट होऊ द्या. त्यापेक्षा जास्त नको, प्रत्येक कटकटीला धातू नाहीतर प्लॅस्टिक झिजतंय. आता रेघा बघा. शाफ्टचं टोक कपात घसरलं असेल तर रेघ एक किंवा दोन पैलू पुढे गेलेली दिसेल, म्हणजे ६० किंवा १२० अंशांनी. पिनियनची रेघ तुटली असेल तर स्क्रू घट्ट असूनही पिनियन फिरतोय. सगळ्या रेघा जागच्या जागी असतील तर दोष गिअरबॉक्सच्या आत आहे.

आत आहे असं ठरलं तर दोन हाताच्या चाचण्या. मागची चाकं उचलून धरा.

पहिली: पिनियन किंवा त्याच्या पुढचा गिअर स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दाबून स्थिर करा आणि एकच चाक फिरवा. दुसरं चाक तेवढंच उलटं फिरलं पाहिजे, मऊपणे, कुठेही झटका न देता. मधेच दात ओलांडल्याचा ठोका लागला तर डिफच्या आतले बेव्हल गिअर गेलेत.

दुसरी: तोच गिअर स्थिर धरून दोन्ही चाकं एकाच दिशेने जोर लावून फिरवायचा प्रयत्न करा. थोड्या प्लेनंतर ती दगडासारखी अडली पाहिजेत. जोर वाढवल्यावर कट झालं आणि चाकं पुढे सरकली, तर काउंटर किंवा डिफचा मोठा गिअर दात ओलांडतोय.

दुसऱ्या चाचणीत दोष सापडला तरी गिअरला लगेच दोष देऊ नका. या वयाच्या गाड्यांमध्ये दात झिजण्याआधी गिअर एकमेकांपासून दूर गेलेले असतात. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) अंडाकृती होतो किंवा गिअरबॉक्सचे दोन अर्धे भाग जोराखाली फाकतात, मग दात फक्त टोकावर टेकतात. टोकं गोल झाली की दात ओलांडायला लागतात. नवे गिअर त्याच सैल बुशांत बसवले तर त्यांचीही तीच गत होणार.

---

हेक्स_शाफ्ट

उजवीकडचा जास्त प्ले आणि निसटणारा शाफ्ट वाचून मला आधी बाहेरच्या भागाचाच संशय येतो. मूळ फ्रॉगचे ड्राइव्ह शाफ्ट षटकोनी गोळ्यांचे असतात, दोन्ही टोकांना षटकोनी कप. हीच मांडणी टामियाच्या त्या पिढीच्या ब्रॅट, ब्लॅकफूट आणि मॉन्स्टर बीटललाही आहे आणि दुखणंही तेच. शाफ्ट कोनात फिरताना गोळीचे पैलू कपाच्या भिंतीवर घासतात. पैलूंच्या कडा गोल होतात, कप आतून मोठा होतो, आणि जोर आला की गोळी कपात घसरते. हळू चालवल्यावर आवाज नाही आणि जोर दिला की कटकट, हे वर्णन त्याला अगदी जुळतं.

शाफ्ट काढून टोक उजेडात धरा. चांगल्या गोळीवर सहा सपाट पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये स्पष्ट कडा दिसतात. झिजलेल्या गोळीवर कडेच्या जागी चकचकीत गोलाई दिसते, बहुतेक वेळा एकाच बाजूने, कारण पुढे जाण्याचा जोर कायम त्याच बाजूला येतो. म्हणून तात्पुरता इलाज म्हणून डावा-उजवा शाफ्ट अदलाबदल करता येतो, न झिजलेली बाजू कामाला येते. काही बॅटऱ्या सुखाने निघतात. कप मात्र झिजलेलाच राहतो, तेव्हा हा कायमचा उपाय नव्हे.

कायमचा उपाय म्हणजे संच बदलणे. २००५च्या री-रिलीजमध्ये टामियाने षटकोनी टोकं सोडून आडव्या पिनचे डॉगबोन शाफ्ट दिले, आणि त्यातच त्यांनी जुनी चूक कबूल केली असं मी मानतो. बदलताना शाफ्ट, गिअरबॉक्सकडचा कप आणि चाकाकडचा धुरा हे तिन्ही एकाच संचातले घ्या. जुन्या कपात नवा शाफ्ट किंवा उलटं असं मिसळलं की ते महिनाभरही टिकत नाही. मूळ भाग फेकू नका, तेल लावून पिशवीत ठेवा. गाडी कधी कपाटात मांडायची झाली तर तेच लागतील.

निसटण्याचं कारण वेगळं आहे. शाफ्ट कपातून बाहेर येतो कारण चाक खाली लोंबताना आर्म (चाक धरणारा हलता हात) गरजेपेक्षा जास्त खाली जातो. जुने शॉक ॲब्सॉर्बर बदलून लांब शॉक लावलेले असतात तिथे हे नेहमी दिसतं. गाडी उचला, चाक पूर्ण खाली सोडा आणि शाफ्ट आत-बाहेर ढकलून बघा. गोळी कपात निदान ३ मिमी आत राहिली पाहिजे. राहत नसेल तर शॉक उघडून पिस्टनच्या खाली, शाफ्टवर, सिलिकॉन फ्युएल ट्यूबचा तुकडा घाला. २ मिमीपासून सुरू करा आणि १-१ मिमीने वाढवा. दोन्ही बाजूंना सारखाच, नाहीतर गाडी एका अंगाला झुकेल.

उलटी बाजूही तपासा. आर्म पूर्ण वर दाबा. तेव्हा शाफ्ट दोन्ही कपांच्या तळाला टेकता कामा नये. टेकला तर प्रत्येक धक्क्याला तो डिफचा कप आत ढकलतो आणि गिअरबॉक्सच्या आतली वॉशर चिरडतो. वर दाबलेल्या अवस्थेत १ मिमी तरी मोकळीक हवी. उरलेला प्ले कमी करायला कपाच्या तळाशी छोटा ओ-रिंग टाकतात. चालतं, पण ती मोकळीक शिल्लक असेल तरच.

---

स्टेप_थ्रॉटल

दोघांनी सांगितलेलं बरोबर आहे. एक भर घालतो: पुन्हा तुटू नये म्हणून जोर कुठून येतो तेही बघा.

फ्रॉगच्या काळात मूळ स्पीड कंट्रोलर यांत्रिक होता, सर्वोने (रिमोटच्या इशाऱ्यावर वळणारी छोटी मोटर) फिरणारा हात आणि रेझिस्टर, पुढे जायला मोजक्याच पायऱ्या. प्रत्येक पायरीला गिअरना झटका बसायचा. तुमचा इलेक्ट्रॉनिक आहे हे चांगलंच, पण त्यात दोन गोष्टी तपासा. एक, पुढून थेट मागे जाण्याची सोय चालू असेल तर बंद करा. आधी ब्रेक, मग थांबून रिव्हर्स, असा मोड असतो तो ठेवा. धावती गाडी रिव्हर्समध्ये ढकलणं हा जुन्या डिफच्या मृत्यूचा सगळ्यात जलद मार्ग आहे. दोन, सुरुवातीचा पंच (एकदम बसणारा जोर) कमी करता येत असेल तर सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा.

मोटर साधी ५४० आहे ती तशीच राहू द्या. कमी वाइंडिंगची (जास्त वेगाची) मोटर किंवा ब्रशलेस या गिअरबॉक्ससाठी नाही. बॅटरी २ सेल लिपो लावली तर चालते, पण पूर्ण भरल्यावर ती ८.४ व्होल्ट देते, आणि कंट्रोलरला लिपोचा कट-ऑफ (व्होल्टेज फार उतरलं की बंद करणारी सोय) नसेल तर मुळीच लावू नका.

आणि पिनियन मोठा करून वेग वाढवायचा मोह टाळा. गाडी जड जाते, मोटर तापते, आणि दातांवर तोच भार जास्त काळ राहतो.

---

बग्गी_८३

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे खुणा करून तपासलं.

उजव्या शाफ्टची गिअरबॉक्सकडची रेघ बरोबर एक पैलू सरकली. गोळीवर एका बाजूने गोलाई स्पष्ट दिसते. म्हणजे हेक्स_शाफ्ट यांचा अंदाज खरा. पण दुसऱ्या चाचणीतही जोर लावल्यावर एकदा कट झालं, म्हणून गिअरबॉक्स उघडला. काउंटर गिअरच्या एका बाजूचा प्लॅस्टिकचा बुश लांबट झालाय, शाफ्ट बोटाने हलतो. डिफच्या मोठ्या गिअरच्या दोन दातांची टोकं गोल झालीत, बाकी ठीक. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट आणि तपकिरी.

आता प्रश्न: बुशच्या जागी कुठलं बेअरिंग? ग्रीस कशाने काढू आणि नवं कुठलं घालू? पिनियन नवा घ्यायचा तर कुठला चालेल हे कसं ओळखायचं? आणि गिअरबॉक्सचे दोन स्क्रू नुसतेच फिरतायत, पकडत नाहीत.

---

पिनियन_स्पर

छान, एकाच वेळी दोन दोष होते. दोन्ही दुरुस्त केल्याशिवाय गाडी चालवू नका.

साफसफाई. गिअरबॉक्सचं कवच आणि नायलॉनचे गिअर कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि जुना टूथब्रश यांनी निघतात. घट्ट राहिलेलं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून दहा मिनिटं ठेवा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन आणि ब्रेक क्लीनर यांपैकी काहीही नको. एबीएस प्लॅस्टिक त्याने मऊ होतं किंवा स्क्रूच्या भोकांभोवती केसाएवढ्या चिरा पडतात, आणि त्या चिरा पहिल्या उडीत उघडतात. धातूचे भाग मात्र बेधडक धुवा. सगळं पूर्ण कोरडं झाल्याशिवाय जोडायला घेऊ नका.

बेअरिंग. आधी कॅलिपरने मोजा. टामियाच्या त्या काळातल्या गाड्यांत सगळ्यात जास्त आढळतो तो ११५०, म्हणजे बाहेरचा व्यास ११ मिमी, आतला ५, जाडी ४. दुसरे आकार ८५० म्हणजे ८, ५ आणि २.५ मिमी, आणि १२८० म्हणजे १२, ८ आणि ३.५ मिमी. आकडे जुळले की त्याच आकाराचं बॉल बेअरिंग सरळ बसतं. मातीत चालणाऱ्या गाडीला रबर सीलचं घ्या. धातूच्या शील्डचं थोडं मोकळं फिरतं, पण धूळ आत घेतं. एकच बुश बदलू नका. एका बाजूला बेअरिंग आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला बुश ठेवला तर शाफ्ट तिरका बसतो आणि दात एका कडेलाच टेकतात.

बेअरिंग बसवल्यावर ते कवचात फिरत नाही ना ते बघा. घर मोठं झालं असेल तर बेअरिंगभोवती ॲल्युमिनियम फॉइलचा एक वेढा द्या, कडा कापून सारख्या करा आणि मग दाबून बसवा. गोंद लावू नका, पुढच्या वेळी निघणार नाही.

पिनियन ओळखणं. टामियाच्या या पिढीच्या बग्गींत दात ०.८ मॉड्यूलचे असतात (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप). पुढे ०.६ मॉड्यूल आलं, आणि अमेरिकन गाड्यांत ४८ पिच (तेच माप इंचांच्या हिशोबात) असतं. डोळ्यांनी फसगत होते, म्हणून मोजा. बाहेरचा व्यास म्हणजे मॉड्यूल गुणिले (दातांची संख्या अधिक दोन). १८ दातांचा ०.८ मॉड्यूल पिनियन १६ मिमी भरतो. ३२ पिचचा १८ दाती १५.९ मिमी भरतो, म्हणून अडीअडचणीला ०.८ आणि ३२ पिच एकत्र चालतात. २० दाती ०.६ मॉड्यूल १३.२ मिमी आणि २० दाती ४८ पिच ११.६ मिमी. हे दोघं एकमेकांत कधीही चालत नाहीत, सुरुवातीला फिरल्यासारखे वाटतात आणि दहा मिनिटांत दात खातात.

दातांची संख्या मूळ पिनियनएवढीच ठेवा. ज्या गिअरबॉक्समध्ये मोटरची भोकं ठरलेली असतात तिथे एका दाताचा फरकही जवळीक बिघडवतो. जिथे लांबट खाच असते तिथे पिनियन आणि गिअरच्या मध्ये साध्या कागदाची पट्टी घाला, मोटर दाबून स्क्रू आवळा, मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या वळ्या उमटल्या पाहिजेत, कागद फाटता कामा नये. फाटला तर जास्त जवळ आहे. नंतर गिअर पूर्ण एक फेरा फिरवून चार ठिकाणी प्ले बघा. सगळीकडे सारखा नसेल तर जिथे सगळ्यात कमी आहे त्या जागेप्रमाणे जवळीक ठरवा.

मोटरचे स्क्रू ३ मिमीचे असतात, पण त्यांची लांबी बघून घ्या. फार लांब स्क्रू मोटरच्या आत वाइंडिंगला टेकतो आणि शॉर्ट होतो. प्लेटची जाडी धरून मोटरच्या तोंडात ३ ते ४ मिमी आटे गेले की पुरे.

ग्रब स्क्रू. तो मोटर शाफ्टच्या सपाट भागावरच बसला पाहिजे. गोल भागावर घट्ट केला तर घट्ट लागतो, पण जोर आल्यावर सरकतो. आधी अल्कोहोलने आटे पुसा, मग निळ्या थ्रेडलॉकचा (आटे सैल होऊ न देणारा द्रव) एक बारीक थेंब. थ्रेडलॉक फक्त धातू-धातूच्या सांध्यावर. एबीएसला लागला तर प्लॅस्टिक तडकतं.

स्क्रू पकडत नसतील तर. आधी २ मिमी लांब स्क्रू वापरून बघा, बहुतेक वेळा भोकाच्या तळाशी कोरं प्लॅस्टिक असतं. नसेल तर भोकात पातळ प्लॅस्टिकची पट्टी किंवा स्प्रूची (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिची) चकती घालून सुपर ग्लूने चिकटवा, रात्रभर ठेवा, मग स्क्रू हळू भरा. आणि स्व-आटेवाला स्क्रू परत भरताना एक सवय लावून घ्या: आधी उलटा फिरवा. आटा जुन्या चाकोरीत पडल्याचा छोटा टक जाणवतो, मग सुलटा फिरवा. प्रत्येक वेळी नवा आटा पाडला की भोक तीन-चार वेळांत संपतं. स्क्रूड्रायव्हर जपानी क्रॉस मापाचा वापरा. साधा फिलिप्स डोक्यातून वर सरकतो आणि डोकं गोल करतो.

ग्रीस. प्लॅस्टिकला चालणारं पांढरं सिरॅमिक किंवा टेफ्लॉनचं ग्रीस. दातांवर पातळ थर पुरे, काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढा प्रत्येक गिअरला, मग फिरवून पसरवा. गिअरबॉक्स भरून टाकायचा नाही, जास्तीचं ग्रीस कडेने बाहेर येऊन माती गोळा करतं. डिफच्या आत मात्र वेगळं: तिथे जाड, चिकट अँटी-वेअर ग्रीस बेव्हल गिअरच्या सगळ्या पोकळीत भरा. त्यामुळे एक चाक हवेत गेलं की सगळा जोर त्याच्याकडेच जात नाही. सिलिकॉन डिफ ऑइल इथे वापरू नका. हे डिफ सीलबंद नाहीत, तेल तासाभरात बाहेर येईल.

ते दोन गोल दात. बुश नीट केल्यावर दातांची पकड खोलवर जाते, त्यामुळे टोकं थोडी गोल असली तरी चालू शकतात. दाताच्या मुळाशी चीर दिसली तर मात्र गिअर बदला.

---

मोनोशॉक

याच धाग्यात विचारतो, विषय जवळचाच आहे. टामियाचीच हॉटशॉट, १९८५ची, चारही चाकांना जोर जाणारी. पुढे जाताना आवाज नाही, रिव्हर्समध्ये आणि ब्रेक मारताना कटकट. दोन्ही डिफ उघडून पाहिले, दात सगळे शाबूत. मग आवाज कुठून?

---

हेक्स_शाफ्ट

तुमच्या गाडीत मधला लांब शाफ्ट पुढच्या गिअरबॉक्सला जोर नेतो, आणि दिशा बदलणाऱ्या बेव्हल गिअरच्या जोड्या आहेत. बेव्हल गिअर फिरताना एकमेकांना लांब ढकलतात. एका दिशेला शाफ्ट आपल्या टेकणीवर घट्ट बसतो, दुसऱ्या दिशेला तो प्लेमधून मागे सरकतो आणि दात अर्धेच लागतात. म्हणून एकाच दिशेला कटकट आणि दात शाबूत. हा शिमचा (फट भरणाऱ्या पातळ चकतीचा) प्रश्न आहे.

पुढचा गिअरबॉक्स उघडा, कारण ब्रेकच्या वेळी भार तिकडे जातो. बेव्हल पिनियनचा शाफ्ट बोटाने आत-बाहेर ढकला. ०.२ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर शिम लागणार. ५ मिमी शाफ्टला आत ५ आणि बाहेर ७ मिमीचे शिम बसतात, ०.१, ०.२ आणि ०.३ मिमी जाडीत मिळतात. शिम पिनियन आणि त्याच्या मागच्या बेअरिंगच्या मध्ये जातो, म्हणजे पिनियन मोठ्या गिअरकडे सरकतो. मोठा गिअर स्वतः अंगात हलत असेल तर त्याच्या मागेही घाला, पण दात ज्या बाजूला आहेत त्याच्या उलट बाजूला. ०.१ ने सुरुवात करा. प्रत्येक शिमनंतर कवच स्क्रूने पूर्ण बंद करून फिरवा, उघड्या गिअरबॉक्सवर केलेला अंदाज चुकतो. फिरताना जड ठिकाण लागलं तर एक शिम काढा. थोडा सुखावह प्ले राहिला पाहिजे, शून्य प्ले म्हणजे गरम होऊन झिजणारे गिअर.

---

तीन_बत्तीसांश

बॉल डिफवाल्यांसाठी (गिअरऐवजी गोळ्यांवर चालणारा डिफ) दोन शब्द, कारण मोटर पळते पण गाडी जागीच, एवढ्यावरून लोक स्टेल्थ गिअरबॉक्सच्या आरसी१० गाड्या उघडतात आणि चुकीचं आवळतात. तिथे कटकट नसते, किंचाळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज म्हणजे डिफच्या गोळ्या रिंगवर घसरत आहेत.

गोळ्या ३/३२ इंचाच्या, म्हणजे २.३८ मिमी. सगळ्या एकाच संचातल्या हव्यात. एखादी जरी छोटी असेल तर बाकीच्यांवर भार येतो. रिंगवर बोट फिरवा. खाच लागली तर रिंग उलटी करून बसवा, दुसरी बाजू कोरी असते. दोन्ही बाजू गेल्या असतील तर ६०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरवर, काचेवर ठेवून, इंग्रजी आठच्या आकारात घासा. खाच खोल असेल तर नवी रिंग.

डिफच्या गोळ्यांना पारदर्शक सिलिकॉन डिफ ग्रीस आणि थ्रस्ट बेअरिंगला काळं मॉलिब्डेनम ग्रीस. यांची अदलाबदल करू नका, काळ्या ग्रीसने डिफच्या गोळ्या घसरतील. स्क्रू आवळताना स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत जा आणि मग एक अष्टमांश फेरा मागे. आता स्पर (पिनियनला लागणारा मोठा गिअर) आणि एक मागचं चाक घट्ट धरा, दुसरं चाक फिरवा. दोन हातांचा जोर लागला पाहिजे. सहज फिरलं तर आणखी थोडं आवळा. गाडीला स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरणारा सांधा) असेल तर तो डिफच्या आधी सुटेल इतका सैल ठेवा, म्हणजे डिफ वाचतो.

सुरुवातीला एक चाक हाताने धरून अर्ध्या थ्रॉटलवर २० सेकंद चालवा, मग दुसरं चाक धरून २० सेकंद, मग पुन्हा तपासा. गोळ्या जागा धरतात आणि स्क्रू थोडा सैल होतो, त्यामुळे हे दोनदा करावं लागतं.

---

बग्गी_८३

११५०ची बेअरिंग दोन्ही बाजूंना बसली, उजवीकडे फॉइलचा एक वेढा लागला. शाफ्ट, कप आणि धुरे डॉगबोनचे एकाच संचातले टाकले. गोल दातांचा गिअर बदलला नाही, दातांच्या मुळाशी चीर नव्हती. शॉकमध्ये ३ मिमीची ट्यूब घातल्यावर शाफ्ट कपात ४ मिमी राहतो. दुसरी चाचणी केली, चाकं दगडासारखी अडतात.

आता पहिल्यांदा चालवताना काय बघू?

---

पिनियन_स्पर

पहिली पाच मिनिटं सपाट जमिनीवर, अर्ध्या थ्रॉटलच्या वर न जाता. मग थांबा आणि मोटरला हात लावा. चार-पाच सेकंद हात ठेवता आला पाहिजे. त्याआधीच उचलावा लागला तर पिनियन जास्त जवळ बसलाय किंवा एखादं बेअरिंग तिरकं आहे. गिअरबॉक्सच्या बाजूलाही हात लावून बघा, दोन्ही बेअरिंगच्या जागा सारख्या कोमट असाव्यात. एकच बाजू गरम असेल तर त्या बाजूचं बेअरिंग काढून परत सरळ बसवा.

पहिल्या बॅटरीनंतर कवचाचे सगळे स्क्रू एकदा पुन्हा तपासा, नव्याने भरलेले दोन तर नक्कीच. पेंट मार्करच्या रेघा पुसू नका, नव्या शाफ्टवरही मारा. पुढे कधी कटकट झाली तर उघडण्याआधीच कुठे सुटलं ते कळेल.

---

हेक्स_शाफ्ट

आणि चाकाचा लॉक नट जोरात आवळू नका. नट टेकल्यावर एक चतुर्थांश फेरा, मग चाक हाताने फिरवून सोडा. ते निदान एक फेरा स्वतःहून फिरलं पाहिजे. जास्त आवळला तर हबमधली बेअरिंग दाबली जातात आणि नवा शाफ्ट उगाच भार ओढत राहतो.